नार्सिसा व्हिटमन

आज अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, वॉला वॉला गावाजवळच्या व्हिटमन मिशनला, म्हणजे नार्सिसा आणि तिच्या नवऱ्याच्या जुन्या धर्मप्रसार केंद्राला जाऊन आले. तेव्हापासून नार्सिसा डोक्यातून जातच नाहीये.

न्यूयॉर्क राज्यातली ही मुलगी. देवावर अपार श्रद्धा, गळा गोड. १८३६ मध्ये डॉ. मार्कस व्हिटमनशी लग्न झालं आणि लगेच दोघं पश्चिमेला निघाली. रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या दोन गोऱ्या बायकांपैकी ती एक. दुसरी एलायझा स्पॉल्डिंग.

इथेच तिला अ‍ॅलिस झाली. पोर सव्वादोन वर्षांची असताना जेवणाच्या वेळी पाणी आणायला म्हणून दोन कप घेऊन नदीवर गेली आणि बुडाली. ते दोन कप पाण्यात दिसले, त्यावरून शोध लागला. मी आई आहे, यापुढे मला लिहवत नाही. नंतर पश्चिमेला येताना वाटेत आईबाप गमावलेली सेगर कुटुंबातली सातही भावंडं नार्सिसाने पदराखाली घेतली.

पण ज्या कायूस लोकांसाठी, म्हणजे इथल्या मूळनिवासी जमातीसाठी ती आली, त्यांच्याशी तिचे सूर जुळले नाहीत. तिच्या पत्रांतला त्यांच्याबद्दलचा तुसडेपणा मला खुपतो. जमीन त्यांची होती. १८४७ मध्ये गोवर आला. कायूसांची लेकरं पटापट गेली, गोऱ्यांची बरीचशी वाचली. डॉक्टरच विष देतोय असा संशय बळावला. २९ नोव्हेंबरला मिशनवर हल्ला झाला. नार्सिसा, मार्कस धरून तेरा जण मारले गेले. ती ३९ वर्षांची होती.

१८५० मध्ये या हल्ल्याबद्दल खटला चालवून पाच कायूसांना ओरेगन सिटीत फाशी दिली. त्या खटल्यावर कुणी चांगलं वाचलं असेल तर सांगा.