एकच पान तुटत होतं, आणि कोडमधे काहीच चुकलेलं नव्हतं

आमच्या प्रॉडक्टच्या मदतपानांचं काम माझ्याकडे होतं. लेखाचा मजकूर डेटाबेसमधून यायचा, सर्व्हर त्याचा जेसॉन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) करून थेट स्क्रिप्ट टॅगमधे, म्हणजे पानातल्या कोडच्या जागेत, छापायचा आणि पुढे जावास्क्रिप्ट ते पान रंगवायची. शेकडो पानं नीट चालत होती, त्यादिवशी सकाळी एकच पान बोंबललं. वरचा भाग दिसतोय, बटणं मेलेली, आणि खाली उघड्यावर «टॅग बंद करा","लेखक":"…» असला कचरा सांडलेला. कन्सोलमधे सिंटॅक्स एरर, स्ट्रिंग अर्धवट.

व्ह्यू सोर्स उघडला आणि लगेच दिसलं. लेख जावास्क्रिप्ट शिकवणाराच होता, त्यात लिहिणाऱ्याने वाक्यातच «शेवटी </स्क्रिप्ट> टॅग बंद करा» असं टाइप केलेलं. जेसॉन एकदम व्हॅलिड, अवतरण चिन्हं जागच्या जागी. पण ब्राउझरमधे आधी एचटीएमएलचा पार्सर, म्हणजे पानातले टॅग ओळखणारा भाग, वाचतो, त्याला जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगशी काही देणंघेणं नसतं, बंद करणारा टॅग दिसला की स्क्रिप्ट तिथेच संपली, मग तो अवतरणात असो नाहीतर कॉमेंटमधे.

शेजारचा सहकारी म्हणाला, अरे मग सगळं एचटीएमएल एस्केप करून टाकू ना, म्हणजे खास चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक नावं, एंटिटी, टाकू. टेस्ट सर्व्हरवर केलं, तर होती नव्हती ती सगळीच पानं झोपली! कारण एचटीएमएलमधे स्क्रिप्टच्या आतल्या एंटिटी कोणी उलगडतच नाही, प्रत्येक अवतरणाच्या जागी अँड-क्वॉट-सेमीकोलन जसंच्या तसं जावास्क्रिप्टच्या इंजिनासमोर गेलं. गंमत म्हणजे ऑनक्लिकसारख्या ॲट्रिब्यूटमधे, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेल्या कोडमधे, बरोब्बर उलटं, तिथे एंटिटी आधी उलगडते आणि मग कोड चालतो. जागा बदलली की नियम बदलतो, आणि हे बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातूनच सुरक्षेची भोकं पडतात. आमच्या पानात त्या टॅगनंतर कोणी नवा स्क्रिप्ट टॅग लिहिला असता तर तो बिनधास्त चालला असता.

उपाय छोटासाच. जेसॉन छापताना < च्या जागी बॅकस्लॅश यू आणि 003सी. जावास्क्रिप्टसाठी ते तेच अक्षर, एचटीएमएल पार्सरला मात्र टॅग दिसतच नाही. नुसता स्लॅशच्या आधी बॅकस्लॅश टाकूनही हा टॅग थांबला असता, पण मजकुरात <!-- आणि त्यामागे <स्क्रिप्ट असं आलं तर पार्सर वेगळ्याच अवस्थेत जातो, आपला खरा बंद करणारा टॅगही मोजत नाही आणि पुढचं सगळं पान गिळून टाकतो. म्हणून < च काढायचा.

आमची काही जुनी पानं एक्सएचटीएमएल (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेलं एचटीएमएल) म्हणून जायची, तिथे तर एक्सएमएलचा कडक पार्सर, स्क्रिप्टमधला सुटा & दिसला तरी पान उघडतच नाही. लोक त्यासाठी सीडेटा (आतला मजकूर जसाच्या तसा घ्या असं सांगणारी खूण) लावतात, पण मजकुरात ]]> आलं की तोही तिथेच संपतो. आम्ही & आणि > सुद्धा त्याच पद्धतीने बदलले, मग एकच आउटपुट दोन्हीकडे चाललं. यू+2028 आणि यू+2029 हे ओळ तोडणारे दोन कॅरेक्टरही घेतले, जेसॉनला ते चालतात पण 2019 च्या आधीच्या जावास्क्रिप्टला स्ट्रिंगमधे चालत नव्हते.

डेटाबेसला मात्र आम्ही हातही लावला नाही. सहकाऱ्याला मजकूर सेव्ह करतानाच साफ करायचा होता, मी ठाम नाही म्हटलं. लेखकाने लिहिलेला टॅग बरोबरच होता, तो वाचकाला तसाच दिसायला हवा.