धमाका विमानाच्या मागोमाग येतो

दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे, तिथली मिग-२९के लढाऊ विमानं गोव्याच्या आकाशात असतात. त्यामुळे तावदानं थरथरली की ‘विमानाने आत्ताच ध्वनीचा वेग ओलांडला’ असं कुणीतरी ठामपणे सांगतं. ओलांडला असेल, पण तो कधीच, आणि भलतीकडेच. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जात असेपर्यंत धमाक्याची लाट त्याच्यामागे शंकूसारखी ओढली जाते आणि वाटेतल्या प्रत्येक गावात आपापल्या वेळी पोचते.

शंकू किती निमुळता, हे वेग ठरवतो. मॅक म्हणजे तिथल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट. मॅक १.४ ला शंकूचा अर्धकोन साधारण ४५ अंश, मॅक २ ला ३०. समजा १५ किलोमीटर उंचीवरून मॅक २ ने विमान पणजीवरून मडगावकडे निघालं. हवेत लाट वाकते ते सोडून दिलं, तर पणजीत आवाज येईपर्यंत ते २६ किलोमीटर पुढे, म्हणजे जवळपास मडगावावर असेल. आवाजाच्या दिशेने वर बघून काय दिसणार?

वेग वाढला की आवाजही तेवढाच वाढतो, हा दुसरा गैरसमज. मॅक १.२ वरून २ वर गेलं तरी दाबाचा झटका गणिताने पाव पटीच्या आसपासच वाढतो. उंची निम्मी केली तर मात्र तो सुमारे १.७ पट होतो. विमानाचं वजन आणि लांबीही मोजावी लागते.

मॅक १ म्हणजे ठरावीक ताशी वेग नव्हे. ३० अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४९ मीटर जातो, वर उणे ५० अंशांत जेमतेम ३००. म्हणून उंचावरून मॅक १.१ ने सरळ जाणाऱ्या विमानाचा धमाका बहुधा खाली येतच नाही. खालच्या उबदार हवेत लाट वळून वर निघून जाते. वारा नसेल तर ही मर्यादा मॅक १.१५ च्या आसपास.

आणि लढाऊ विमानांच्या फोटोत त्यांच्याभोवती दिसणारा तो पांढरा ढगाचा घेर? दमट हवेत दाब आणि तापमान एकदम उतरलं की बाष्पाचे बारीक थेंब होतात, बस्स. मॅक १ च्या अलीकडेही तो दिसतो.

खडीच्या खाणीतला सुरुंग की विमान, हे ओळखायचं तर पायाकडे लक्ष द्या. सुरुंगाचा हादरा जमिनीतून आधी येतो, आवाज नंतर. विमानाचा झटका हवेतूनच येतो, त्यामुळे तावदान आणि आवाज एकदमच. बऱ्याचदा लागोपाठ दोन ठोके असतात, एक नाकाचा, एक शेपटीचा. लढाऊ विमान आखूड असल्याने ते जवळजवळ एकच वाटतात.