डावी साइड

बुधवार, रात्री साडेअकरा.

काल पार्क चौकातल्या पूल खेळाच्या टेबलावर चुकलेला तो एक किक शॉट, म्हणजे पांढरा बॉल आधी कुशनवर, टेबलाच्या रबरी कडेवर, आपटवून मारायचा शॉट, अजून मनातून जात नाही. काळा बॉल माझ्या डाव्या हाताला होता, वाटेत समोरच्या खेळाडूचा पट्ट्याचा बॉल आडवा आला होता, आणि पांढरा व काळा दोन्ही लांब कुशनपासून सारख्याच अंतरावर होते. म्हणजे दोघांच्या बरोबर मध्यावरचा बिंदू कुशनवर धरायचा, इतका तो सरळ हिशेब होता. मी तोच धरला, आणि पांढरा बॉल कुशनवरून परतताना काळ्याच्या पलीकडून, जवळजवळ एका बॉलएवढ्या अंतराने निघून गेला. "हे कुशन फेकतेच," असे मी म्हणालो, तेव्हा टेबल सांभाळणारा मार्कर म्हणाला, "काका, कुशनला कशाला बोल लावताय? तुम्हीच डावी साइड देताय की."

मी साइड, म्हणजे बॉलला मध्याऐवजी कडेला मारून दिलेली गिरकी, दिली नव्हती. निदान द्यायची म्हणून दिली नव्हती, आणि हेच मला लागले आहे.

डाव्या बाजूला मारलेला बॉल डावीकडे जात कुशनला भिडला, की त्याची गिरकी रबरावर घासून त्याला आणखी डावीकडे ढकलते आणि परतीचा कोन रुंदावतो. तीच साइड घेऊन तो उजवीकडे निघाला असेल, तर तेच घर्षण त्याला अडवते आणि कोन आखडतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्डच्या बॉलचे गणित मांडले, आणि त्यातले मला समजले तेवढे मी नव्या मुलांना टेबलाशी उभा राहून समजावतो. बारा वर्षे मीच म्हणत आलो, की खिडकीकडे, म्हणजे डावीकडे, जाताना हे कुशन फेकते आणि दाराकडे, म्हणजे उजवीकडे, जाताना ते मेलेले आहे. एकाच कुशनला हे दोन दोष कसे असतील, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ही एवढी वर्षे कोणी बोलले कसे नाही? सगळ्यांना दिसत होते का?



आज संध्याकाळी गर्दी होण्यापूर्वी गेलो. पट्ट्याचा बॉल पट्टा उभा ठेवून मांडला आणि मध्यावर धरून समोरच्या आखूड कुशनकडे हळू मारला. साइड नसेल तर पट्टा चाकासारखा उभाच राहतो. माझा पहिल्या हातभर अंतरातच डुलू लागला. बॉल उचलून पाहिला, तर फटका बसला तिथला चॉकचा निळा ठिपका पट्ट्याच्या मध्यापासून सुमारे ३ मिलिमीटर डावीकडे होता. ५७ मिलिमीटरच्या बॉलवर ३ मिलिमीटर. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच.

तिथेच पुन्हा आला, याने मात्र हळूहळू मन शांत झाले. चूक रोज वेगळी असती तर मी काय करणार होतो? ही दर वेळी एकाच जागी आहे, आणि जोरात मारताना कुशन दबून कोन तसाही आखडत असल्याने ती डावीकडच्या शॉटमध्ये इतके दिवस झाकली गेली असावी. वीस वेळा मारले. पाच वेळा पट्टा उभा राहिला, तेही कोपर अंगाशी धरल्यावर. मार्कर जवळ येऊन उभा राहिला, पण काही बोलला नाही. मीच म्हणालो, "बरोबर होते तुझे."

उद्या साडेपाचला तोच बॉल मांडायचा आहे, दाराकडे जाणारा शॉट आधी.