बाबांसाठी वायरलेस कीबोर्ड-माऊस घेतला तेव्हाचा माझा अनुभव

आमच्या घरी जुना डेस्कटॉप आहे, तो जास्त करून बाबाच वापरतात. रोज सकाळी दोन तास मराठीत टाईप करतात आणि तेही इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत, म्हणजे डाव्या हाताला मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. कीबोर्डची वायर टेबलाखाली पायात अडकून दोनदा सीपीयू हलला, मग म्हटलं आता वायरलेसच घ्यायचा.

ऑनलाईन बघायला लागलो तर डोकं गरगरलं. ब्लूटूथवाले दिसायला छान, पण आमच्या पीसीला ब्लूटूथ नाही, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जायची वेळ आली तर ब्लूटूथ कीबोर्ड बहुतेक वेळा चालतच नाही. म्हणून २.४ गिगाहर्ट्‌झच्या डाँगलवाला (डाँगल म्हणजे रेडिओ सिग्नल पकडणारा, यूएसबीत लावायचा छोटा तुकडा) सेट घ्यायचं ठरवलं, कीबोर्ड आणि माऊस दोघांना मिळून एकच डाँगल, लावला की सुरू. पण बटणं हाताला कशी लागतात ते स्क्रीनवर काय कळणार, म्हणून बाबांना घेऊन सरळ पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. त्यांनी चार-पाच कीबोर्डांवर स्वतः टाईप करून बघितलं. चपट्या बटणांवर त्यांची बोटं घसरत होती, थोडी उंच बटणं असलेला, नंबर पॅडवाला साधा सेट त्यांना आवडला. देवनागरी अक्षरं छापलेला वायरलेस त्या दिवशी कुठेच मिळाला नाही, मग देवनागरी स्टिकरचं शीट घेतलं. डाँगल माऊसच्या सेलच्या कप्प्यात असतो हे दुकानदाराने दाखवलं म्हणून बरं, नाहीतर आम्ही तो खोक्यात शोधत बसलो असतो.

खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. मधूनच अक्षरं गळायची. इंग्रजीत एखादं अक्षर गेलं तर तेवढंच जातं हो, पण इनस्क्रिप्टमध्ये डी दाबला की हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, येतो आणि तोच गळला की जोडाक्षर फुटतं, 'विश्वास' चं 'विशवास', 'नमस्कार' चं 'नमसकार'. बाबांना वाटलं आता आपल्याच बोटात जोर राहिला नाही, ते गप्प झाले आणि जुना कीबोर्ड परत लाव म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आधी पेन्सिल सेल बदलले, काही फरक नाही. मग टेबलाखाली वाकून बघितलं तर डाँगल सीपीयूच्या मागे निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, त्याला खेटूनच एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आणि मध्ये सगळं पत्र्याचं कॅबिनेट! यूएसबी ३.० वर डेटा जातो तेव्हा त्याचा नॉईज, म्हणजे रेडिओ गोंगाट, याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो आणि डाँगलचा सिग्नल त्यात बुडतो. घरात एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल पडली होती, ती पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टात लावली आणि डाँगल मॉनिटरच्या पायाशी टेपने चिकटवला. बाबांना हाक मारून बसवलं, त्यांनी दहा ओळी टाईप केल्या, एकही जोडाक्षर फुटलं नाही. "म्हणजे माझी बोटं ठीक आहेत," एवढंच म्हणाले आणि पुढचं पान सुरू केलं.

माऊस टेबलाच्या काचेवर उड्या मारत होता, त्याला पॅड घेतलं, ते काम दोन मिनिटांचं. आता डी वरचं स्टिकर कडेने निघायला लागलंय, म्हणून परवा अजून एक शीट आणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.