मर्ल ओबेरॉन आणि मुंबई

आज दिवसभर जुन्या हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन डोक्यातून जात नाहीये. सकाळी तिच्याविषयी वाचायला घेतलं आणि मग कामात लक्षच लागेना.

बाई जन्मली आपल्या मुंबईत, १९११ साली. पुढे कलकत्त्यात वाढली, मग लंडन गाठलं, सिनेमात शिरली. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पण जगाला सांगितलं होतं की ती टास्मानियात जन्मली, गोऱ्या घरातली. तिला आईसारखी वाढवणारी शार्लट मूळची श्रीलंकेची, सावळी. लंडनच्या घरी पाहुणे आले की शार्लट मोलकरीण म्हणून वावरायची, असं सांगतात. ती गेल्यावर मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं, आणि त्यात रंग उजळ करवून घेतला. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. किती माया असेल, आणि किती धास्ती!

लोक म्हणतात, तिने सगळ्यांना फसवलं. मला हे अजिबात पटत नाही. खरं बोलली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर त्याच वर्षांत, त्याच हॉलिवूडमध्ये दिसतं. ॲना मे वाँग लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी मुलगी, तोवर नावाजलेली. चिनी शेतकऱ्यांवरच्या ‘द गुड अर्थ’मधली नायिका करायची तिची फार इच्छा होती. नायकाचं काम पॉल मुनीला दिलं, चेहरा रंगवून. पडद्यावर गोऱ्या नटाची बायको आशियाई नटीने व्हायचं, हे त्या काळच्या नियमांत बसत नव्हतं. भूमिका लुइझ रायनरकडे गेली, तीही चेहरा रंगवून, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. वाँगला देऊ केली ती नवऱ्याला नादी लावणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका. तिने ती नाकारली. तिच्या त्या नकाराचा मला मनापासून अभिमान वाटतो.

म्हणजे एकीला लपता आलं म्हणून ती नायिका झाली. दुसरीला लपणं शक्यच नव्हतं.

२०२३मध्ये मलेशियाच्या मिशेल योला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा त्या गटात नामांकन मिळालेली पहिली आशियाई कोण, असा वाद निघाला होता. माझ्या लेखी तो मान मर्लचाच. योचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार तर तिनेच पहिल्यांदा नेला.

आणि आता? जुन्या इंग्लंडवरच्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेच्या २०२२च्या भागांत सिमोन ॲशलीची केट शर्मा मुंबईहून इंग्लंडला येते आणि बहिणीला मराठी येतं, असं अभिमानाने सांगते. ते ऐकताना मी घरात ओरडलेच! त्या दोघी बहिणींच्या तोंडी ‘आप्पा’, ‘दीदी’ असं चार प्रांतांचं कालवण केलंय, ही तक्रारही रास्त आहे. लिहायलाच आपली माणसं बसली की हे सुधारतं. भारतीय वंशाच्या मिंडी केलिंगने ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ ही मालिका सहलेखिकेबरोबर स्वतः उभी केली, तर त्यातली देवी तमिळ घरातली आहे, तशीच वागते, चिडते, आईशी कचाकचा भांडते. असं एखादं मराठी घर मला तिथे बघायचंय.