सहाही पिस्टनांची साक्ष

हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या गॅरेजमध्ये मर्क्युरी कंपनीचे अडीच लिटरचे टू-स्ट्रोक, व्ही-सिक्स (सहा सिलिंडरांचे) आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बसवायचे इंजिन आले, तेव्हा त्याच्या एका पिस्टनला करंगळी आरपार जाईल एवढे भोक पडलेले होते. भोक पडलेला पिस्टन या धंद्यात नवा नाही. मात्र याच इंजिनाचा एक पिस्टन आदल्या हंगामातही असाच गेला होता, दुसऱ्या एका दुरुस्ती करणाऱ्याने तो बदलून दिला होता, आणि त्या नव्या पिस्टनने एक उन्हाळाही काढला नव्हता. मालक निवृत्त गृहस्थ, बोलण्यात अतिशय सौम्य. ते एवढेच म्हणाले, की बोट आता बहुतेक वेळा त्यांची मुलगी चालवते, आणि ताशी ऐंशी मैलांच्या वेगात इंजिन पुन्हा जखडले तर काय होईल, या विचाराने त्यांची झोप उडाली आहे.

मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, फॉन्ड डु लॅक या गावात राहतो. दिवसा एका कारखान्यात नोकरी करतो आणि संध्याकाळी व सुटीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये वेगवान बोटींची इंजिने खोलून पुन्हा उभी करतो. मर्क्युरीचे मुख्यालय याच गावात आहे. १९७६ साली या कंपनीने १७५ अश्वशक्तीचे आपले पहिले व्ही-सिक्स आउटबोर्ड बाजारात आणले आणि त्या घराण्यातील इंजिने आजही आसपासच्या गॅरेजांतून मोठ्या संख्येने दिसतात. गाव लेक विनेबेगोच्या दक्षिण टोकाला आहे. हा तलाव पसरट आणि उथळ असून कोठेही सुमारे एकवीस फुटांहून अधिक खोल नाही, त्यामुळे थोडा वारा सुटला तरी पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठतात. अशा पाण्यावर वेगात असताना इंजिन अचानक जखडले, तर प्रॉपेलर ब्रेकसारखा पाणी धरतो आणि बोटीचे नाक खाली जाते. त्या गृहस्थांची भीती मुळीच अवाजवी नव्हती.

सांगलीत डिझेल इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये शिकत असताना आमच्या मिस्त्रींनी एक शिस्त लावली होती: खोललेला भाग आधी पाहायचा, क्रमाने मांडायचा आणि मगच धुवायचा. काजळी धुतली की पुरावा जातो. त्यामुळे मी सहाही पिस्टन आणि सहाही स्पार्क प्लग न पुसता, सिलिंडरच्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडले आणि भिंग घेऊन बसलो. भोक एकाच पिस्टनला होते. परंतु उरलेल्या पाचांच्या माथ्यावरही, कडेकडेने, वाळूचा मारा झाल्यासारखे बारीक खड्डे पडलेले होते. सहाही प्लगांच्या चिनी मातीच्या भागावर ॲल्युमिनियमचे चमकते सूक्ष्म कण चिकटलेले होते. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीनंतर शिस्तीने न जळता त्याचा उरलेला भाग एकदम धडाक्याने पेटू लागला, म्हणजे डिटोनेशन होऊ लागले, की नेमक्या अशा खुणा उमटतात.

त्या दिवशीचा सगळा निवाडा या मांडणीवरच झाला. या इंजिनाला तीन कार्ब्युरेटर असतात आणि प्रत्येक कार्ब्युरेटर दोन सिलिंडरना इंधन देतो. एखादा जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र) तुंबून मिश्रण पातळ झाले असते, तर खुणा एका किंवा फार तर दोन सिलिंडरांत दिसल्या असत्या. थंड पाण्याचा पुरवठा कमी पडला असता, तर पिस्टनच्या बाजूंवर, विशेषतः एक्झॉस्टच्या अंगाला, घासल्याचे लांब ओरखडे असते. येथे बाजू जवळपास स्वच्छ होत्या आणि मार सहाही माथ्यांवर होता. म्हणजे कारण सहांनाही सामाईक असले पाहिजे. इंधनाचा ऑक्टेन (डिटोनेशनला दाद न देण्याची त्याची क्षमता), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबले जाते ते) आणि ठिणगीची वेळ, एवढेच तीन संशयित उरत होते. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी केवळ फुटलेला पिस्टन पाहिला गेला आणि बाकीचे पाच तपासलेच गेले नाहीत, हे मला फार लागले. फुटलेला पिस्टन हा परिणाम असतो. तो बदलून इंजिन बंद करणे म्हणजे मालकाकडून पुढच्या पिस्टनचे पैसे आगाऊ घेण्यासारखे आहे.

इंधनाचा संशय लवकर मिटला, कारण मालक पेट्रोलच्या पावत्यासुद्धा जपून ठेवणारे होते आणि ते कायम उच्च ऑक्टेनचेच पेट्रोल भरत होते. कॉम्प्रेशनसाठी हेडमधील, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातील, ज्वलनकक्षांचे आकारमान मी ब्युरेटने तेल सोडून मोजले. हेड कोणीही घासून कमी केलेले नव्हते. मग ठिणगीची वेळ. फ्लायव्हीलजवळचा दर्शक काटाच सरकलेला असेल, तर टायमिंग लाइटने (ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या दिव्याने) केलेली सगळी जुळणी खोटी ठरते, म्हणून इंजिनाच्या मुख्य ब्लॉकमध्ये एक चांगला पिस्टन तात्पुरता बसवून मी पहिल्या सिलिंडरमध्ये डायल गेज, म्हणजे सूक्ष्म अंतर मोजणारे मापक, लावले. पिस्टन वरच्या टोकापासून ०.४६२ इंच खाली असताना फ्लायव्हीलवरची त्याच आकड्याची खूण काट्यासमोर आली पाहिजे. ती आली. काटा खरे बोलत होता.

उरल्या ठिणगी सोडणाऱ्या दोन पेट्या, म्हणजे स्विच बॉक्स. प्रत्येक पेटी तीन सिलिंडर सांभाळते आणि दोन्ही पेट्या पांढऱ्या-काळ्या वायरने एकमेकींशी जोडलेल्या असतात. या वायरवरचा बायस, म्हणजे इंजिनाच्या अर्थच्या तुलनेत उणा असलेला विद्युतदाब, ठिणगीचा इशारा देणाऱ्या ट्रिगरच्या क्षीण संकेतांना रोखून धरतो, जेणेकरून ठिणगी ठरल्या क्षणाआधी सुटू नये. हा दाब गळू लागला, तर वेग वाढेल तशी ठिणगी ठरल्या वेळेच्या अधिकाधिक आधी पडते. आणि पेट्या जोडलेल्या असल्यामुळे एकीचा दोष दुसरीलाही भोवतो. मल्टिमीटरने पांढऱ्या-काळ्या टर्मिनलपासून अर्थपर्यंतचा रोध मोजला. मूळ पेट्यांत तो साधारण १३ ते १५ हजार ओहम असावा लागतो, आणि गार गॅरेजमध्ये दोन्ही पेट्यांनी तसाच आकडा दाखवला.

येथे थांबणे सोपे होते. परंतु दोहोंपैकी एक पेटी कोणत्या तरी जुन्या इंजिनावरून काढून बसवलेली दिसत होती. तिच्या वायरांची टोके निराळ्या पद्धतीने दाबलेली होती. शिवाय ही इंजिने सुरू होताना किंवा सावकाश चालताना कधीच फुटत नाहीत. ती भर वेगात, सगळे भाग तापलेले असताना फुटतात. म्हणून मी दोन्ही पेट्या बाकावर ठेवल्या आणि हीटगनने दुरून, हात लावता येईल इतपतच, तापवल्या. मूळ पेटीचा आकडा जवळपास जागचा हलला नाही. बसवलेल्या पेटीचा आकडा मात्र माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला, अर्ध्याच्याही खाली गेला, आणि पेटी गार होताच पुन्हा वर चढला. मी तीन वेळा मीटरची टोके बदलून तीच चाचणी घेतली. नंतर मालकांना फोन करून बोलावले आणि त्यांच्यासमोर ती पुन्हा केली. त्यांनी मीटरकडे पाहत विचारले, "मग एवढे दिवस इंजिन सुरळीत सुरू कसे होत होते?" मी म्हणालो, "कारण सुरू होताना ते गार असते, आणि आजवर त्याची तपासणीही गार असतानाच झाली."

पुढचे काम मेहनतीचे होते, पण त्यात कोडे नव्हते. सिलिंडरच्या भिंतींना क्रोमचा मुलामा असल्यामुळे त्या बोअर करून वाढवता येत नाहीत. भिंतीवर चिकटलेले ॲल्युमिनियम मी कॉस्टिक सोड्याने काढले. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, वापरले असते, तर त्याने क्रोमच खाल्ला असता. सोड्याचा बुडबुडा थांबला, की खाली मुलामा शाबूत आहे असे समजावे. थांबला नाही, तर मुलामा जाऊन ब्लॉकचे ॲल्युमिनियम उघडे पडले आहे. सुदैवाने तो थांबला. या वेळी हायड्रोजन सुटत असतो, म्हणून गॅरेजचे दार सताड उघडे आणि हीटर बंद ठेवावा लागतो. फुटलेल्या पिस्टनचा चुरा क्रँककेसमध्ये उतरलेला असतोच, त्यामुळे क्रँक पूर्ण उतरवून सर्व नीडल बेअरिंगे नवी घातली. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे टोक मुद्दाम तडकवून वेगळे केलेले असते. त्याच्या तडकलेल्या कडा तंतोतंत बसल्या आहेत का, हे नख फिरवून चारही कडांवर पाहिले. रीड, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पात्या, बदलले. दोन्ही पेट्या, मूळ चांगलीसुद्धा, काढून नवी जोडी लावली.

बोटीवर इंजिन चढवताना मी एक अट घातली. स्टीअरिंगची एकच जुनी केबल होती आणि तिला हाताला जाणवेल इतकी ढिलाई होती. या वेगाला बोट तळाच्या अगदी अरुंद पट्टीवर तोललेली असते. स्टीअरिंगमध्ये ढिलाई असेल, तर ती डावी-उजवीकडे डोलू लागते आणि चालवणाऱ्याची प्रत्येक दुरुस्ती त्या डोलण्यात भरच घालते. मालकांनी हायड्रॉलिक स्टीअरिंगचा खर्च मान्य केला. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मी स्वतः नवी बांधली. छोट्या बोटींवर ती चालकाला जोडलेली असणे १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी मी तिच्यावाचून बोट दिली नसती.

बर्फ वितळून पाणी मोकळे झाल्यावर आम्ही धक्क्याशी गेलो. बोट ट्रेलरला घट्ट बांधलेली असताना इंजिन पुरते तापू दिले, वेग टप्प्याटप्प्याने वाढवला आणि टायमिंग लाइटखाली खूण पाहत राहिलो. ती ठरल्या मर्यादेपुढे तसूभरही सरकली नाही. जुनी पेटी लावून तुलना करण्याची सूचना मालकांच्या मुलीने केली, आणि तिची उत्सुकता मला समजत होती. पण नव्या पिस्टनांवर तो प्रयोग करायला मी नकार दिला. पहिली टाकी नेहमीपेक्षा जास्त तेलाच्या मिश्रणावर, वेग आवरून संपवली.

त्यानंतर एका शांत सकाळी तिने पूर्ण थ्रॉटल दिला. मिनिटाला ६,८०० फेरे, २६ इंच पिचचा (घसर नसती तर एका फेऱ्यात तेवढे पुढे जाणारा) प्रॉपेलर आणि १.८७ गिअर गुणोत्तर या हिशेबाने बोट ताशी साडेएकोणनव्वद मैल जायला हवी होती. जीपीएसवर ७९ दिसले, म्हणजे सुमारे १२ टक्के घसर. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा दाब स्थिर होता. धक्क्याला येताच मी सहाही प्लग काढून ओळीने मांडले. चिनी माती फिकट तपकिरी होती, आणि भिंगाखाली एकाही प्लगवर चमकता कण सापडला नाही.

मुलीला आणखी वेग हवा होता आणि ती मोठ्या पिचचा प्रॉपेलर मागत होती. मी तिला समजावले, की आधी घसर कमी करू. जॅक प्लेट, म्हणजे इंजिनाची उंची बदलणारी पट्टी, पाव इंच वर घेऊन पाण्याचा दाब टिकतो का ते पाहू, आणि दाब टिकला तरच प्रॉपेलरचा विचार करू. तिने ते मान्य केले आणि पुढच्या शनिवारची वेळ ठरवून घेतली.