रात्री वॉर्डाची किल्ली कोणाकडे?

पुराची नाशिककरांना सवय आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायचं आणि सामान हलवायचं. हाताशी थोडा वेळ असतो. आग तो देत नाही. मी मानसोपचार रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे आणि आमच्या वॉर्डाला कुलूप असतं, म्हणून मला आगीचीच धास्ती जास्त.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या मनोरुग्णगृहात आग लागली आणि २८ जण गेले. साखळीने बांधलेल्यांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी आणली. कुलूप मात्र आहे, आणि काही पेशंटच्या जिवासाठी ते लागतंही. पण मग ते रात्री अंधारात, धुरात कोण उघडणार, हे आधी ठरलेलं हवं.

मॉक ड्रिल होते ती सकाळी. डॉक्टर राउंडवर, पेशंट चहा पिऊन जागे, सगळं सुरळीत पार पडतं. रात्री असतो आम्ही दोघंच, एक सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. झोपेच्या गोळ्यांचा अंमल असतो. काही औषधांनी झटकन उभं राहिलं की बीपी उतरतं, माणूस जागीच कोसळतो. म्हणून आधी पलंगावर बसवायचं, पाय खाली सोडायला लावायचे, मग हात धरून उठवायचं. यात जाणारा वेळ आराखड्यात धरलेलाच नसतो!

मागच्या ड्रिलला एक आजी पिशवीशिवाय हलेनात. आत दोन साड्या आणि नातवाचा फोटो. मामा समजूत घालत बसले होते. मी म्हटलं, "आजी, पिशवी घ्या, माझा हात धरा." लगेच निघाल्या. भ्यालेल्या माणसाशी वाद घालू नये. ओळखीच्या आवाजात एकच छोटं वाक्य बोलावं.

आता दोन्ही दारांच्या किल्ल्यांना वेगवेगळ्या गाठींची दोरी आहे, अंधारात बोटांनाच कळतं. एक जुडगा ड्युटीवरच्या सिस्टरच्या कमरेला, दुसरा मामांकडे. दारामागच्या पिशवीत पेशंटची यादी आणि औषधांचे डोस लिहिलेला कागद असतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दोन दिवसांहून जास्त चुकलं तर पुन्हा अगदी कमी डोसपासून सुरू करावं लागतं, तेव्हा हा कागद लागतोच. बाहेर काढलेली माणसं रहदारीत उभी करून चालत नाही, म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयाशी बोलून ठेवलंय. कंपाउंड आहे, फाटक एकच.

पुढची ड्रिल रात्री दोनला घ्या, असं मी लेखी दिलंय. तुमचं माणूस कुठेही अॅडमिट असेल तर खोलीचं भाडं विचारताना हेही विचारा: रात्री किल्ली कोणाकडे असते, आणि त्या मजल्यावर किती जण जागे असतात?